दान तिचे, नाव कुणाचे?

दरवर्षी ६ फेब्रुवारी आणि २८ सप्टेंबर ह्या दोन तारखा जवळ आल्या की आमच्या सिंधुदुर्गात गावोगावी लता मंगेशकरांच्या गाण्यांचे कार्यक्रम होतात. देवळाच्या सभामंडपात होतात, शाळेच्या पटांगणात होतात, हल्ली तर बचत गटांच्या मेळाव्यातही होतात. गाणी उत्तम असतात. मधले निवेदन मात्र ठरलेले असते. ते तीन शब्दांवर उभे असते : गानसरस्वती, त्यागमूर्ती, दानशूर. निवेदक हे शब्द उच्चारतो, बायका टाळ्या वाजवतात आणि पुढचे गाणे सुरू होते.

गाण्यांवर माझा काडीचाही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ह्या तीन शब्दांवर. तो आपल्या अंकात मांडण्याचे कारण असे की हे शब्द एकट्या लताबाईंपुरते राहत नाहीत. राबणाऱ्या प्रत्येक बाईला गप्प बसवण्यासाठी समाजाने हेच तीन शब्द तयार ठेवले आहेत. तिच्या कामाला ‘देणगी’ म्हणायचे, तिच्या निर्णयाला ‘त्याग’ म्हणायचे आणि तिच्या कमाईतून जे उभे राहील त्याला ‘दान’ म्हणून त्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी नाव लिहायचे. लताबाईंचे आयुष्य इतके प्रसिद्ध आहे की हा सगळा व्यवहार तिथे लख्ख दिसतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आणखी एक खुलासा. ह्या लेखात मी त्यांना दीदी म्हणणार नाही, देवी तर नाहीच. लताबाई म्हणणार आहे. आपण कर्तबगार बाईला जसे आदराने संबोधतो तसे.

मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मी मासेविक्रेत्या बायकांच्या गटांबरोबर काम करते. गेल्या वर्षी एका शिबिरात ‘बाईचे श्रम आणि मोबदला’ असा विषय होता. उदाहरण म्हणून मी लताबाईंचे नाव घेतले. पहिल्या रांगेतल्या एका मासेवालीने मला तिथेच थांबवले. ती म्हणाली, “बाय, इतकी गाणी म्हटली, मगे पैसे कोणाक मिळाले?” बायका हसल्या. मी म्हटले, हाच प्रश्न आहे. लताबाईंच्या उभ्या आयुष्यातला मोठा लढा ह्याच प्रश्नावरचा होता, आणि गाण्यांच्या एकाही कार्यक्रमात तो सांगितला जात नाही.

तो इथे सांगते.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. एके काळी ‘बलवंत संगीत मंडळी’चे मालक असलेल्या ह्या नटाचे अखेरचे दिवस हलाखीत गेले होते. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता त्या वेळी अवघी बारा वर्षांची, तेरावे लागायला पाच महिने बाकी. त्याच वर्षी ती मास्टर विनायकांच्या चित्रपटात छोट्या भूमिका करू लागली. ‘पहिली मंगळागौर’ हा त्यांतला पहिला. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे तिला आवडत नव्हते, हे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. तरी ती गेली, कारण घरात कमावणारे दुसरे कुणी नव्हते. १९४५ साली कंपनीबरोबर ती मुंबईला आली. लोकलने प्रवास, स्टुडिओच्या पायऱ्या, तासन्‌तास थांबणे, “आवाज फार बारीक आहे” म्हणून नकार. हे सरस्वतीचे वर्णन आहे काय? हे एका बालकामगार मुलीचे वर्णन आहे. ती मुलगी विलक्षण गुणी होती आणि कमालीची कष्टाळू होती. पण तिला देवी केले की आपल्याला तिचे बालपण आठवावे लागत नाही, आणि तेरा वर्षांच्या पोरीच्या पगारावर घर का चालवावे लागले हा प्रश्नही विचारावा लागत नाही.

१९४९ साली ‘महल’ आला. त्यातल्या ‘आयेगा आनेवाला’ने देशाला वेड लावले. ते गाणे कुणी गायले? तबकडीवर छापले होते : कामिनी. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. मधुबालाने ती भूमिका केली होती. जिच्या गळ्यातून गाणे आले तिचे नाव तबकडीवर नव्हतेच. रेडिओकडे पत्रांचा ढीग आला, ही गाणारी कोण ते सांगा म्हणून. मग नाव जाहीर झाले. त्या काळची ती रीतच होती, पार्श्वगायकाचे नाव छापणे महत्त्वाचे मानले जात नसे. लताबाईंनी नावासाठी आग्रह धरला आणि पुढे ती रीत बदलत गेली.

बायांनो, ह्या गोष्टीत आपल्याला ओळखीचे काही दिसते का? रापणीच्या माशांचा वाटा ठरतो, बोटीचा परवाना होतो, घराचा उतारा निघतो. त्यात मासे निवडणारी, सुकवणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई कुठे असते? तिचे काम सगळीकडे असते. तिचे नाव नसते.

पुढची गोष्ट १९५७ची. फिल्मफेअर पारितोषिकांच्या समारंभात ‘चोरी चोरी’च्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन ह्यांचा सन्मान व्हायचा होता. त्यांची इच्छा होती की लताबाईंनी तिथे त्यातले गाणे गावे. लताबाईंनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गायकाला आणि गीतकाराला ह्या पारितोषिकांत जागाच नाही, मग मी का गाऊ, असे त्यांचे म्हणणे. १९५९पासून पार्श्वगायनाला वेगळे पारितोषिक सुरू झाले. पहिले ‘मधुमती’साठी लताबाईंनाच मिळाले. नऊ वर्षांनी बायकांचे आणि पुरुषांचे पारितोषिक वेगवेगळे झाले. थोड्याच वर्षांत त्यांनी आपणहून सांगितले की आता मला देऊ नका, नव्यांना द्या.

त्यानंतर स्वामित्वधनाचा झगडा. गाण्याची तबकडी वर्षानुवर्षे विकली जाते, कंपनीला पैसे मिळतात, निर्मात्याला मिळतात, मोठ्या संगीतकारांनाही त्यातला वाटा मिळतो. गायकाला एकदाच काय ते मानधन. लताबाई म्हणाल्या, विक्रीतला वाटा गायकालाही मिळाला पाहिजे. महंमद रफींचे मत वेगळे होते : एकदा मोबदला घेतला की आपला संबंध संपला. ह्या मतभेदावरून १९६०च्या दशकात दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. आज आपण ही गोष्ट ‘दोन थोर कलावंतांचे भांडण’ म्हणून चवीने सांगतो. त्यात रफीसाहेब साधे, निर्मोही ठरतात आणि लताबाई पैशाला चिकटलेल्या, हट्टी. वास्तविक तो मजुरीचा प्रश्न होता. आपल्या कष्टातून निर्माण झालेल्या मालावर आपला हक्क विकून संपतो की उरतो, हा त्यातला मुद्दा. संसदेला तो पटायला २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क पक्का झाला आणि कलावंतांच्या हक्कांनाही बळ आले. २०१३ साली गायकांची हक्क-संस्था नोंदली गेली, तिच्या मागे उभ्या राहिलेल्यांत ऐंशी ओलांडलेल्या लताबाई होत्या. पन्नास वर्षे ज्या मागणीला हट्ट म्हटले ती मागणी बरोबर होती, असा ह्याचा अर्थ. पण हे कार्यक्रमात सांगितले तर ‘त्यागमूर्ती’ कशी उभी राहणार?

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लताबाई संगीतकारही होत्या. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ ह्या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना १९६३ ते १९६९ ह्या काळात त्यांनी संगीत दिले. नाव लावले ‘आनंदघन’. ऐकणाऱ्याला कुणी पुरुषच वाटावा असे. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे उघड झाले. देशातली सर्वांत प्रसिद्ध गायिका, जिच्या तारखांसाठी संगीतकार थांबत, ती चाली बांधताना दुसरे नाव घेते. तिची स्वतःची कारणे असतील. पण त्या वेळच्या मराठी चित्रसृष्टीत बाईने गावे हे मान्य होते, बाईने वादकांच्या ताफ्यापुढे उभे राहून हुकूम सोडावेत ह्याची सवय नव्हती, हेही तितकेच खरे. सरस्वतीबाईंना, म्हणजे सरस्वती देवी ह्या नावाने १९३०च्या दशकात चित्रपटसंगीत देणाऱ्या खुर्शीद मिनोचर-होमजींनाही, दुसऱ्या नावाआडच काम करावे लागले होते.

आता त्याग. लताबाईंनी लग्न केले नाही. ह्यावर जितकी शाई खर्च झाली आहे तितकी त्यांच्या स्वामित्वधनाच्या लढ्यावर झालेली नाही. भावंडांसाठी संसार सोडला, असे एक पालुपद. नाहीतर कुठले तरी अधुरे प्रेम शोधायचे. अविवाहित पुरुष कलावंताला आपण ‘कलेला वाहून घेतले’ म्हणतो. अविवाहित बाईकडून मात्र खुलासा मागतो. त्याग हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तो बाईचा निर्णय तिच्याकडून काढून घेतो. जणू सुख लग्नातच होते आणि ते बिचारीने सोडले. स्टुडिओत उभे राहून आपल्या अटीवर काम करणे, स्वतःच्या पैशाने घर घेणे, मनासारखे क्रिकेटचे सामने बघणे, फोटो काढणे, ह्यात त्या बाईला सुख असू शकते, हे आपल्या कल्पनेतच येत नाही. आमच्या भागात मुंबईच्या चाकरमान्यांच्या पैशाचे कौतुक होते, पण नर्सची नोकरी करून तीन भावंडांना शिकवणाऱ्या आणि लग्न न केलेल्या मुलीबद्दल “बिचारी” म्हणतात. ती बिचारी नसते. ती घर चालवत असते.

आणि आता दान, म्हणजे ह्या लेखाचा गाभा.

१९८९ साली पुण्यात लता मंगेशकर मेडिकल फाउंडेशन स्थापन झाले आणि २००१ साली त्यातून दीनानाथ मंगेशकर रुग्णालय उभे राहिले. वडील ज्या शहरात गेले तिथे वडिलांच्या नावे रुग्णालय, ही लेकीची भावना कुणालाही समजेल. वडिलांनी तिला गाणे दिले होते. माझे म्हणणे वेगळे आहे. मंगेशकर घराण्यात गाणे कुठून आले, हे विचारून बघा. दीनानाथांपासून, असे उत्तर येईल. आणि दीनानाथांकडे कुठून आले?

दीनानाथांचा जन्म १९०० सालचा, गोव्यातल्या मंगेशीचा. त्यांचे वडील मंगेशाच्या देवळातले पुजारी, कऱ्हाडे ब्राह्मण. आई येसूबाई. ती देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातली, स्वतः गाणारी. ह्या संबंधाला लग्नाचे नाव नव्हते, त्या व्यवस्थेत ते असूच शकत नव्हते. मुलगा आईजवळ वाढला. मोठेपणी त्याने गावाच्या नावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले आणि ते नाव त्याच्या मुलींनी जगभर नेले. म्हणजे गाणे आजीकडून आले, वाढवले आजीने, आणि आज ह्या घराण्याच्या नावाने रुग्णालय आहे, पुरस्कार आहे, नाट्यगृह आहे. येसूबाईंच्या नावाने काय आहे?

इथे कुणी म्हणेल की घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणता. पहिली गोष्ट, ती चरित्रांतून छापून आलेली आहे. दुसरी गोष्ट, लताबाईंनी आजीबद्दल किती बोलावे हा त्यांचा अधिकार होता. ज्या समाजाने कलावंतिणीच्या नातीला कधीही टोमणा मारायला कमी केले नसते, त्या समाजाला तिने हिशेब देण्याचे कारण नव्हते. माझा रोख तिच्यावर नाही. माझा रोख निवेदकांवर, पाठ्यपुस्तकांवर आणि आपल्यावर आहे. गाणे हवे, पण ज्या बायकांनी ते शेकडो वर्षे जपले त्यांचे नाव घ्यायला आपल्याला लाज वाटते. लाज कुणाची वाटायला हवी? देवळाला मुली वाहणाऱ्या व्यवस्थेची, त्यातून जमीन आणि मान मिळवणाऱ्यांची, की त्या मुलींची?

हे गोव्यापुरते नाही. आपल्या सावंतवाडी संस्थानात, मालवण-वेंगुर्ल्याच्या देवस्थानांत भाविणी आणि देवळी होते. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. दिवा लावणे, झाडणे, देवापुढे सेवा करणे त्यांच्याकडे होते, आणि त्या सेवेच्या नावाखाली काय चालत असे हे सगळ्यांना ठाऊक होते. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रतिबंधाचा कायदा झाला. त्याच काळात ह्या समाजाने स्वतःच चळवळ केली, मुलींची लग्ने लावली, मुलांना शाळेत घातले, गोमंतक मराठा समाज म्हणून संघटित झाले. राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र वाचावे, म्हणजे हा झगडा किती कडू होता ते कळेल. अशी मोठी समाजसुधारणा आपल्या दाराशी झाली, आणि आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक मुलींना तिचा पत्ता नाही.

ह्याच परंपरेतून आलेल्या बायकांची नावे घ्या. अंजनीबाई मालपेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. कोकणात गावावरून आडनाव सगळेच घेतात. पण ह्या बायकांच्या बाबतीत गावाचे नाव हीच त्यांची ओळख होती, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव त्यांना लावायचे नव्हते. मालपे गाव तर पेडण्याचे, आमच्या सीमेला लागून. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पृथ्वीवरच्या माणसाचा आवाज कसा असतो हे सांगायला भारतातून निवडलेला आवाज फोंडा तालुक्यातल्या केरीच्या कलावंत घरातला होता. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्या वारल्या. केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे. मोगूबाईंना मैफलींच्या दौऱ्यांत कशी वागणूक मिळत असे ते लेकीने लहानपणी पाहिले होते. म्हणून पुढे किशोरी आमोणकरांनी मानधन आणि मान ह्या दोन्ही बाबतीत कधी तडजोड केली नाही. लोकांनी त्यांनाही तऱ्हेवाईक म्हटले. बाईने भाव सांगितला की ती तऱ्हेवाईक. मालवणच्या मासळी बाजारात ह्याचा अनुभव रोज सकाळी येतो.

जगाकडे पाहिले तर वेगळे उदाहरण सापडते. कोलंबियातल्या बारांकिया शहरातली शकिरा ही गायिका आपल्या तरुण मुलींना चांगली ठाऊक आहे. १९९५ साली तिचा ‘पिएस देस्काल्सोस’ म्हणजे ‘अनवाणी पाय’ नावाचा गाण्यांचा संग्रह गाजला आणि १९९७ साली, विशीत, तिने त्याच नावाची संस्था काढली. यादवीत विस्थापित झालेल्या गरीब मुलांसाठी ही संस्था शाळा बांधते. नाव बापाचे नाही, घराण्याचे नाही. स्वतःच्या कामाचे आहे, आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्या अनवाणी पायांचेही आहे. बाई आपल्या कमाईला आपल्या कामाचे नाव देऊ शकते, हे त्यातून घ्यायचे. पण तिच्याच गोष्टीतून दुसरेही काही शिकायला मिळते. नोव्हेंबर २०२३मध्ये बार्सिलोनाच्या न्यायालयात स्पेन सरकारचा सुमारे १.४५ कोटी युरोंचा कर बुडवल्याच्या खटल्यात तिने तडजोड केली आणि ७० लाख युरोंहून जास्त दंड भरण्याचे मान्य केले. शाळा बांधणे आणि कर भरणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दान आपल्या मर्जीने देता येते, जिथे आवडेल तिथे देता येते, आणि बंदही करता येते. कर सर्वांचा असतो आणि त्यातून उभा राहिलेला दवाखाना मागण्याचा अधिकार सर्वांना असतो.

हा फरक आपल्या बायकांच्या जिवाशी कसा येतो, ते पुण्यातच दिसले. मार्च २०२५च्या अखेरीस एक गर्भवती बाई त्रास होऊ लागल्याने दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात नेली गेली. १० लाख रुपये अनामत मागितली आणि उपचाराला उशीर झाला, असा नातेवाइकांचा आरोप होता. पुढे दुसरीकडे तिने जुळ्या मुलींना जन्म दिला आणि ती गेली. रुग्णालयाने आरोप नाकारले, शासनाने चौकशी लावली. दोष कुणाचा हे ह्या लेखात ठरवायचे नाही. पण एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयाने जाहीर केले की ह्यापुढे तातडीच्या रुग्णांकडून, प्रसूतीच्या रुग्णांसह, अनामत घेतली जाणार नाही. हा निर्णय एका बाईच्या मृत्यूनंतर आणि लोक रस्त्यावर आल्यानंतर झाला, हे विसरू नये.

आणि हे काही नवे औदार्य नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ अअ कलमाखाली आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेखाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचे असते, निर्धन रुग्णाकडे अनामत मागायची नसते. ह्या बदल्यात ही रुग्णालये धर्मादाय म्हणून सवलती घेतात. म्हणजे तिथे गरीब बाईवर जो मोफत उपचार होतो ते दान नव्हे, तो तिचा हक्क आहे. त्याची किंमत समाजाने आधीच चुकती केलेली आहे. हे आपल्या किती गटांना माहीत आहे?

आमच्या किनाऱ्यावर तर धर्मादाय रुग्णालयाचा प्रश्न पुढचा. १९८१ साली जिल्हा झाला, पण अडलेल्या बाळंतिणीला अजूनही पुष्कळदा ‘गोव्याला न्या’ असेच सांगतात. बांबोळीचे सरकारी रुग्णालय हाच आमचा आधार. २०१८च्या सुरुवातीला गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, त्यात बायका पुढे होत्या. त्यानंतर ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, ते कुणा दानशूराने दिले नाही. लोकांनी मागितले म्हणून आले. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास मिळेल तेव्हा ते खऱ्या अर्थाने पोचले असे म्हणू.

माझ्या ह्या मांडणीवर दोन आक्षेप येतील. एक आपल्याच मैत्रिणींचा. त्या म्हणतील, लताबाईंना एवढे डोक्यावर का घेता? त्यांनी इतर गायिकांची वाट अडवल्याचे बोलले गेले. त्यांचा बारीक, निष्पाप आवाज हाच ‘चांगल्या’ भारतीय बाईचा आवाज ठरला आणि भरदार, मोकळा आवाज वाईट बाईच्या वाट्याला गेला, असे अभ्यासकांनी लिहिले आहे. त्यांचा सावरकरांविषयीचा आदर उघड होता, आपल्यापैकी अनेकींची विचारसरणी वेगळी. राज्यसभेच्या सभासद असताना (१९९९ ते २००५) त्या सभागृहात फारशा दिसल्या नाहीत. हे सगळे मुद्दे मांडलेच पाहिजेत. माणसावर टीका करता येते, देवीवर करता येत नाही, म्हणून तर तिला आधी माणूस केले पाहिजे. मात्र एक विचारते : वर्षानुवर्षे अव्वल राहिलेल्या पुरुष संगीतकारांना आणि नटांना आपण ‘मक्तेदारी’ हा शब्द किती वेळा लावला?

दुसरा आक्षेप बाहेरचा. बापाचे नाव दिले तर बिघडले काय? बिघडले काहीच नाही, पण ते आपोआप होते हे बिघडलेले आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असा क्रम सक्तीचा केला. स्त्रीचळवळीची ही जुनी मागणी. ह्या एका नियमाने उद्याच्या दीनानाथाच्या दाखल्यावर येसूबाई असेल. कायद्याने एवढे केले, बाकीचे आपण करायचे.

काय करायचे, ते मी आमच्या गटांपुढे ठेवले आहे आणि इथेही ठेवते. एक, बचत गटाच्या किंवा महिला मंडळाच्या पैशातून जे उभे राहील, मग ती शेड असो, शीतपेटी असो की वाचनालय, त्याच्या फलकावर राबलेल्या बायकांची नावे लिहायची, उद्‌घाटकाचे नाव शेवटी आणि लहान. दोन, प्रत्येक तालुक्यातल्या गटांनी धर्मादाय रुग्णालयांची यादी, खाटांची संख्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याची माहिती भिंतीवर लावायची, आणि नाकारले गेलेल्या प्रत्येक बाईची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे लेखी द्यायची. तीन, आपापल्या गावच्या भाविणी, देवळी, कलावंत घराण्यांतल्या बायकांच्या आठवणी, त्यांच्या घरच्यांची संमती असेल तिथे, लिहून काढायच्या. म्हाताऱ्या बायका चालल्या, त्यांच्याबरोबर हे सगळे जाईल. चार, लताबाईंच्या गाण्यांचा कार्यक्रम जरूर करायचा. हेमंतकुमारांबरोबर त्यांनी गायलेले ‘मी डोलकर’ आमच्या बायकांना पाठ आहे, ते म्हणायचे. ते गाणे दर्यावर जाणाऱ्या पुरुषाचे आहे, तर त्याच्या आधी दर्यावरून आलेले मासे विकणाऱ्या बाईचा हिशेब मांडायचा. निवेदन आपण करायचे आणि त्यात तबकडीवरची कामिनी, १९५७चा नकार, स्वामित्वधनाचा लढा, आनंदघन आणि मंगेशीच्या येसूबाई ह्या पाच गोष्टी सांगायच्या.

आमच्या जिल्ह्यात पुढचा कार्यक्रम ठरेल तेव्हा निवेदनाचा कागद आपल्या गटाकडे मागून घ्या. मागितल्याशिवाय तो कुणी देणार नाही.